रांगेतच ग्रहण सुटतं: खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्री वेधशाळेत या चुका टाळा

ग्रहण संपलं की आपण 'सुटलं' म्हणतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आमच्या गच्चीवर ते दोन्ही अर्थांनी सुटलं. चंद्राचं सुटलं उत्तररात्री दीडच्या सुमाराला. जिन्यात उभ्या असलेल्या साठ-सत्तर माणसांचं मात्र त्याच्या दोन तास आधीच.

रांग दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत होती. भाद्रपदातलं आभाळ, ढगांची ये-जा चालू. अकराला चंद्र पूर्ण सावलीत गेला तेव्हा वर काहीच दिसत नव्हतं. साडेअकराच्या आसपास आठ-दहा मिनिटं ढग फाटले आणि विटकरी चंद्र उघडा पडला. खाली टपरीवर चहा पिणाऱ्यांनी तो पाहिला, रिक्षात पाय पसरून बसलेल्या रिक्षावाल्यानं पाहिला. जिन्यातल्यांच्या डोक्यावर स्लॅब होता. त्यांचा नंबर लागेपर्यंत ढग परत आले. एक काका दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावून शांतपणे म्हणाले, "ताई, सव्वा तास उभं करून ढग दाखवलेत." मला उत्तर सुचलं नाही. चूक त्यांची थोडी होती, आमची जास्त.

मी एका हौशी खगोलमंडळात बरीच वर्षं दुर्बिणीशेजारी उभी राहते. त्या जागेवरून ग्रहण कमी आणि ग्रहण बघणारी माणसं जास्त दिसतात. पुढच्या बहुतेक चुका लोकांच्या आहेत. काही आमच्या, आणि एक-दोन माझ्या स्वतःच्या.

दुर्बिणीसाठी दर्शनबारी लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडं जास्त बोलते.

पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला दोन्ही जमत नाही, तो कळसाला हात जोडतो आणि तेही चालतं. खग्रास चंद्रग्रहणात कळसदर्शनावर नुसतं भागत नाही, तेच खरं दर्शन असतं. शनीची कडी किंवा गुरूचे चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, तिथं दुर्बिणीला पर्याय नाही. ग्रहण लागलेला चंद्र मात्र उघड्यावर, सगळ्यांसाठी, फुकट लटकलेला असतो.

उलट दुर्बीण ग्रहणातली गंमत थोडी कमीच करते. आयपीसमध्ये चंद्र मावला तरी त्याच्या भोवतीचं आभाळ मावत नाही, आणि खग्रास अवस्थेत खरा बदल त्या आभाळात होतो. चंद्राचा उजेड दहा हजारपटीनं किंवा त्याहूनही जास्त उतरतो. पौर्णिमेच्या प्रकाशात बुडालेले तारे एकेक करून वर यायला लागतात. सप्टेंबरच्या त्या ग्रहणात चंद्राच्या जवळच शनी होता. लाल चंद्र, शेजारी शनी आणि हळूहळू काळं पडत जाणारं आभाळ हे चित्र कुठल्याही आयपीसमध्ये बसत नाही.

आता हिशेब बघा. ती खग्रास अवस्था ८२ मिनिटांची होती. माणसानं स्टुलावर चढायचं, डोळा जुळवायचा, 'अरे वा' म्हणायचं, उतरायचं, यात अर्धं मिनिट सहज जातं. एका दुर्बिणीतून फार तर १६० जण. दारात पाचशे माणसं असली की उरलेल्यांनी खग्रास अवस्था समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत काढायची.

म्हणून वेधशाळेत पोचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: रांग मोकळ्या आभाळाखाली आहे की जिन्यात? गच्चीवर असेल तर खुशाल उभे राहा, वर बघत पुढं सरका. जिन्यात असेल तर दुर्बिणीचा नंबर खंडग्रास अवस्थेतच उरकून घ्या. चंद्राला सावली लागल्यापासून तो पूर्ण झाकला जाईपर्यंत साधारण तासभर जातो आणि त्या तासात दुर्बिणीतून बघण्यासारखं खरोखर काही असतं. टायको, कोपर्निकस यांसारखी मोठमोठी विवरं सावलीच्या कडेखाली एकामागून एक बुडतात. कड वाकडी दिसते, आणि ती वाकडी कड म्हणजे आपल्याच पृथ्वीचा गोलावा. ॲरिस्टॉटलनं पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून हीच कड पुढं केली होती. आर्यभटानं ग्रहणाचं कारण म्हणून भूछायाच सांगितली आहे. चंद्राच्या अंतरावर ही सावली चंद्राच्या अडीचपटीहून थोडी जास्त रुंद असते, तेव्हा आपल्याला तिचा एक तुकडाच दिसतो. बाकीचा गोल मनात पुरा करायचा. पोरांना कागदावर तो पुरा करायला सांगा, त्यांना लगेच कळतं.

खग्रास सुरू झाली की रांग सोडायची. चटई टाकून पाठीवर पडायचं. नंबर राहिलाच असेल तर खग्रास संपल्यावर परत या, तेव्हा गर्दी नसते.

मग वेधशाळेत जायचंच कशाला, असं कोणी विचारेल. सांगणारं माणूस शेजारी असतं म्हणून. घरच्या गच्चीवर 'लाल झाला' एवढंच कळतं. इथं कोणीतरी नेमक्या मिनिटाला म्हणतं, 'आता खालच्या कडेकडे बघा.' शिवाय पाचशे अनोळखी माणसांनी एकदम श्वास रोखलेला घरी ऐकू येत नाही.

वेधशाळा नेमकी कोणती, हे न बघता निघणं

छोटी गोष्ट आहे, पण होते. पुण्यात रिक्षावाल्याला 'वेधशाळा' म्हणालात तर तो तुम्हाला शिवाजीनगरला हवामान खात्याच्या सिमला ऑफिसपाशी नेऊन सोडेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे लोकांना आभाळ दाखवणाऱ्या बहुतेक जागा म्हणजे तारांगणं, विज्ञानकेंद्रं, कॉलेजच्या गच्च्या आणि हौशी मंडळांची ठिकाणं. पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आणि वरळीचं नेहरू तारांगण आहे, गोव्यात पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभी राहिली. ग्रहणाचा कार्यक्रम नेहमीच्या जागेवरच असेल असं मात्र नाही. बऱ्याचदा तो शहराबाहेर किंवा मैदानात घेतात. नोंदणी लागते का, गेट किती वाजता बंद होतं आणि ढग आले तर काय, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

वेळेचा घोळ

सप्टेंबरच्या ग्रहणाच्या दिवशी बऱ्याच बातम्यांत आलं होतं, 'ग्रहण ८ वाजून ५८ मिनिटांनी सुरू.' लोक साडेआठला हजर. सव्वानऊला पोरं विचारायला लागली, "कुठंय ग्रहण?" पावणेदहापर्यंत दोन कुटुंबं कंटाळून निघूनही गेली.

८.५८ ला चंद्र शिरतो तो उपच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या विरळ सावलीत. पंचांगवाले याला छायाकल्प म्हणतात. पहिला अर्धा-पाऊण तास सरावलेल्या डोळ्यालाही काही कळत नाही. शेवटच्या वीसेक मिनिटांत एका कडेला धुरकट झाक येते, काचेवर बोट फिरवल्यासारखी. डोळ्यांना दिसणारं ग्रहण सुरू झालं ते ९.५७ ला.

इथं जुने पंचांगी शब्द फार कामाचे आहेत आणि मी ते मुद्दाम वापरते. सावली चंद्राला शिवते तो स्पर्श. चंद्र पूर्ण झाकला जातो ते संमीलन. मग मध्य. पहिली उजेडाची कड बाहेर पडते ते उन्मीलन, आणि सावली पूर्ण सोडते तो मोक्ष. त्या रात्री स्पर्श ९.५७, संमीलन अकराच्या ठोक्याला, मध्य ११.४२, उन्मीलन १२.२२ च्या पुढे आणि मोक्ष १.२६ असा क्रम होता. हे पाच आकडे कागदावर लिहून खिशात ठेवले की पुरे. ज्यांना घरी पंचांग बघायचं त्यांनी जरूर बघावं. दृक् गणिताच्या, म्हणजे प्रत्यक्ष आभाळाशी जुळणाऱ्या, पंचांगातल्या आणि खगोलशास्त्रज्ञांच्या वेळांत फार तर मिनिटाचा फरक असतो, भांडण लावण्यासारखं त्यात काही नाही.

तारखेचा घोळ याहून मजेशीर. 'मोक्ष ८ सप्टेंबर, रात्री १.२६' असं वाचून एक कुटुंब सोमवारी संध्याकाळी चटई, थर्मास आणि आजीसह दारात उभं राहिलं. रात्रीचे १.२६ म्हणजे रविवारची उत्तररात्र, हे वाचताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आजींना आम्ही शनी दाखवला. त्या खूश झाल्या, बाकीचे नाही.

तिसरा घोळ जागेचा. चंद्रग्रहणात स्पर्श-मोक्षाचे क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतात, कारण सावली चंद्रावरच पडलेली असते. प्रश्न एवढाच की त्या वेळी तुमच्या गावात चंद्र क्षितिजाच्या वर आहे का. ३ मार्च २०२६ चं ग्रहण घ्या. त्याची खग्रास अवस्था भारतीय वेळेनुसार दुपारी ४.३४ ते ५.३२, मोक्ष ६.४७ ला. महाराष्ट्रात चंद्र उगवेपर्यंत खग्रास संपलेली. नागपूरकडे वीसेक मिनिटं ग्रासलेला चंद्र मिळण्याजोगा, आणि मुंबईत चंद्र उगवतो न उगवतो तोच मोक्ष. अशा दिवशी 'आज खग्रास चंद्रग्रहण' एवढंच वाचून मुंबईच्या गच्चीवर येणाऱ्यांच्या हाती फक्त पौर्णिमा लागते. बाहेरदेशी राहणाऱ्यांनी तर भारतीय वेळांचे फॉरवर्ड वाचूच नयेत. सप्टेंबरचं ग्रहण लागलं तेव्हा न्यू जर्सीत भर दुपार होती, आणि मार्चच्या ग्रहणाची खग्रास अवस्था कॅलिफोर्नियात पहाटे तीन ते चार. आपल्या गावची चंद्रोदयाची वेळ आणि ग्रहणाची वेळ शेजारी शेजारी लिहायची, उत्तर लगेच दिसतं.

फोटोतला रंग आभाळात शोधणं

'ब्लड मून' या शब्दानं बरंच नुकसान केलंय. लोक डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल चंद्र डोक्यात घेऊन येतात आणि वर मातकट, कळकट तांबूस गोळा बघून हिरमुसतात. फोटोतला रंग लांब एक्स्पोजरनं आणि पुढच्या रंगसफेदीनं आलेला असतो. डोळ्याला दिसणारा रंग मवाळ असतो, पण तो दर मिनिटाला बदलतो, आणि ते काही फोटोत येत नाही.

रंग येतो कुठून? पृथ्वीच्या कडेभोवतीच्या वातावरणातून वळून सावलीत शिरणाऱ्या उजेडातून. पृथ्वीवर त्या क्षणी जिथं जिथं सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्या संधिप्रकाशाची तांबूस झिलई चंद्रावर पडते. वातावरणात धूळ किंवा ज्वालामुखीची राख असली की चंद्र काळवंडतो. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला, त्यानंतर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका काळा पडला होता की शोधावा लागत होता. म्हणजे चंद्राच्या रंगावरून आपल्याला आपल्याच हवेची खबर मिळते.

हा रंग मोजायला आंद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं शून्य ते चार अशी श्रेणी लावून दिली आहे. मी ती आपल्या घरातल्या वस्तूंवरून सांगते. शून्य म्हणजे तव्याचं बूड, चंद्र जवळजवळ गायब. एक म्हणजे करडा-तपकिरी, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीसारखा. दोन म्हणजे गंज. तीन म्हणजे भाजलेली वीट, कडेला पिवळट. चार म्हणजे चिंचेनं घासलेला तांब्याचा हंडा, कडेला निळसर झाक असलेला. मध्याच्या वेळी शेजारच्या अनोळखी माणसाला विचारा, 'तुमच्या मते किती?' दोघांचं उत्तर क्वचितच जुळतं. या श्रेणीला लागतात फक्त डोळे, उपकरण काहीच नाही.

दुर्बिणीत रंग जास्त गडद दिसेल ही समजूतही चुकीची. मोठेपणा वाढवला की तेवढाच उजेड जास्त जागेत पसरतो, चंद्र फिका होतो आणि रंग मरतो. रंगासाठी नुसते डोळे किंवा ७×५० अथवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) सगळ्यात चांगली. द्विनेत्री असेल तर संमीलनाच्या आगेमागे आणि उन्मीलनाच्या आगेमागे दोन-तीन मिनिटं चंद्राच्या उजळ कडेकडे बघा. तिथं एक निळसर-मोरपंखी पट्टा दिसतो, तो ओझोनच्या थरातून गाळून आलेला उजेड. नेमकं त्या वेळी लोक फोन काढण्यात गुंतलेले असतात.

आयपीसपाशी

"दिसलं का?"

"दिसलं, दिसलं."

या संवादावर माझा विश्वास नाही. मागं रांग आहे, ताई उभी आहे, मग संकोचानं माणूस 'दिसलं' म्हणतं आणि उतरतं. बऱ्याच जणांना स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असतात. म्हणून मी हल्ली 'काय दिसलं?' असं विचारते. लहान मुलांना तर असंच विचारायचं. 'अर्धी भाकरी' असं उत्तर आलं की समजायचं, खरंच बघितलंय.

काही दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच: डोळा आयपीसच्या फार जवळ किंवा तिरका आहे. दोन्ही हात पाठीमागं बांधा, डोळा बोटभर लांबून हळूहळू पुढं न्या. मधेच उजेडाचा गोल डोळ्यासमोर पसरतो, तिथंच थांबायचं. आयपीस हातात धरून डोळ्याकडं ओढू नका. आपल्या मनात ती नळी असते, पण धक्का बसला की चंद्र गेला आणि मागच्या माणसाची दोन मिनिटं गेली. लहान मुलाला उचलून धरलं की ते पडायच्या भीतीनं पहिल्यांदा दुर्बीणच पकडतं. स्टूल मागा, आमच्याकडे असतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवून घ्या. तिरप्या नंबराचा चष्मा मात्र लावूनच बघा.

'ग्रहण उलट्या बाजूनं लागलंय' ही तक्रार दर ग्रहणात येते. बाहेर खालची कड काळी आणि आत वरची! काही दुर्बिणी प्रतिमा पूर्ण उलटी करतात, काही आरशासारखी डावी-उजवी बदलतात. आभाळात सगळं जागच्या जागी आहे.

स्वतःची दुर्बीण घेऊन येणाऱ्यांच्या दोन चुका. पहिली, सगळ्यात जास्त मोठं दाखवणारा आयपीस लावणं. चंद्र आभाळात अर्धा अंश असतो, तो पूर्ण मावायला चाळीस-पन्नासपट पुरे. हजार-बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावा. दहाचा लावलात तर चंद्राचा गाल दिसेल, चेहरा नाही. पाठलाग करणारी मोटार नसेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण पृथ्वी फिरल्यामुळं चंद्र दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. दुसरी चूक माझी स्वतःची. पौर्णिमेचा चंद्र डोळ्यांना टोचू नये म्हणून आयपीसवर करडा फिल्टर लावते, आणि एका ग्रहणात खग्रास सुरू झाल्यावर तो काढायलाच विसरले. वीस मिनिटं लोक 'फारच काळं ग्रहण आहे' म्हणत होते आणि मी त्यांना हवेतल्या धुळीबद्दल समजावत होते.

फोन

फोन घेऊन येऊ नका असं म्हणणार नाही, कोणी ऐकत नाही. पण आयपीसला फोन टेकवून फोटो काढायचा असेल तर तो खंडग्रास अवस्थेत काढा, चंद्र उजळ असताना. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड अडकतो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. नाहीतर पांढरा फटक गोळा येतो. खग्रासात उलट अडचण: उजेड इतका कमी की हातातला फोन हललाच म्हणून समजा. तेव्हा स्टँड आणि सेल्फ टायमर हवा. बोटानं बटण दाबू नका. काही फोन चंद्र ओळखून त्यावर आपल्या मनानं तपशील भरतात. ग्रासलेल्या चंद्रावर ते विचित्र दिसतं, म्हणून 'ऑटो' बंद करा.

मोठा कॅमेरा असेल तर एक आकडा डोक्यात ठेवा: पूर्ण चंद्राला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, खग्रासात एक ते चार सेकंद लागू शकतात. पण चार सेकंदांत चंद्र त्याच्या व्यासाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा सरकतो, फोटो पुसट होतो. वेळ वाढवण्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा. फ्लॅश बंद करा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पावणेचार लाख किलोमीटरवर फ्लॅश पोचत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो.

खग्रासाच्या अंधारात डोळे तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका स्टेटससाठी उघडलेल्या स्क्रीननं ती कमाई एका क्षणात जाते. एकदा तर आमच्या वॉचमननं, लोकांना जिना दिसावा म्हणून, अगदी मध्याच्या वेळी गच्चीची ट्यूबलाइट लावली. हेतू चांगला होता. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद किंवा जुन्या लाल ओढणीचा तुकडा बांधून आणा. गाडी लावताना हेडलाइट गच्चीकडं किंवा मैदानाकडं तोंड करून ठेवू नका.

ढग, दव आणि बाकीचं

ढगांवर उपाय नाही, धीर आहे. खग्रास ग्रहण तासाभराहून जास्त चालतं, तेवढ्यात एखादी फट मिळतेच असं नाही, पण मिळाली तर ती उघड्यावर बसलेल्यालाच मिळते. थेट प्रक्षेपण सुरू असेल तर ते एका फोनवर आवाज बंद करून ठेवा आणि मान वर ठेवा.

हिवाळी ग्रहणात दव पडतं. आयपीस धुरकट झाला तर रुमालानं पुसू नका, ओरखडे जातात. स्वयंसेवकाला सांगा, आम्ही हेअर ड्रायरची मंद गरम हवा देतो. बऱ्याचदा ते दव नसून आधीच्या माणसाचा श्वास असतो, मिनिटभरात उडतो.

सूर्यग्रहणाचे काळे चष्मे आणू नका. चंद्रग्रहण बघायला कुठलंच संरक्षण लागत नाही. त्या चष्म्यातून पूर्ण चंद्रसुद्धा दिसत नाही. एक आजोबा तो लावून पाऊण तास 'ढगच आहेत' म्हणत बसले होते. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, चष्मे तेव्हासाठी जपून ठेवा.

वेध, खाणं, गरोदर बाई: दर वेळी विचारलं जातं, दर वेळी एकच उत्तर देते. पृथ्वीच्या सावलीतून चंद्र जातो, त्यानं अन्न नासत नाही आणि पोटातल्या बाळाला काही होत नाही. आमच्या गच्चीवर खग्रासात चहा आणि पारले बिस्किटं फिरतात, मी स्वतः सातव्या महिन्यात स्टुलावर बसून लोकांना विवरं दाखवली आहेत. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं, फक्त उपाशी पोरांना रात्री बारापर्यंत उभं करू नये. चक्कर आली की दोष ग्रहणावर जातो.

संमीलन झालं की घरी जाणं

खग्रास सुरू झाली, फोटो निघाला, लोक पार्किंगकडं वळतात. उन्मीलनापर्यंत गच्ची निम्मी रिकामी होते. खरं तर उन्मीलन संमीलनापेक्षा जास्त चमत्कारिक. डोळे अंधाराला सरावलेले असतात, आणि अचानक एका कडेवर हिरकणी उजळावी तसा थेंब फुटतो. तो इतका प्रखर वाटतो की बाकीचा लाल चंद्र क्षणात विझल्यासारखा होतो. तिथून मोक्षापर्यंतचा तास दुर्बीण मोकळी असते. टायकोचं विवर सावलीतून परत वर येताना बघायचं असेल, घड्याळ घेऊन त्याची वेळ टिपायची असेल, स्वयंसेवकाशी निवांत बोलायचं असेल, तर हीच वेळ. अशा विवरांच्या वेळांवरूनही कळतं की पृथ्वीची सावली भूमितीच्या हिशेबापेक्षा साधारण दोन टक्के मोठी पडते, कारण हवेचा थरही थोडा उजेड अडवतो. हौशी माणसांच्या वह्यांतल्या नोंदीही त्यात कामी आल्या आहेत.

जुन्या काळी गावात या वेळी 'दे दान सुटे गिराण' अशी हाक फिरायची. आमच्या गच्चीवर त्या हाकेच्या वेळी झाडू फिरतो.

पुढची तयारी

भारतातून पूर्ण खग्रास, अगदी स्पर्शापासून मोक्षापर्यंत दिसणारं पुढचं चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ चं आहे. स्पर्श रात्री ८.३७, संमीलन ९.४६, मध्य १०.२२, उन्मीलन १०.५७, मोक्ष १ जानेवारीला बारा वाजून सहा मिनिटांनी. खग्रास ७१ मिनिटांची. पाऊस नाही, थंडीचं स्वच्छ आभाळ, चंद्र मिथुन राशीत आणि शेजारी मृग नक्षत्र, व्याध. मध्याच्या वेळी पुण्या-मुंबईत चंद्र क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर असेल. म्हणजे मान मोडेल, तेव्हा खुर्चीपेक्षा चटई, आणि चटईखाली जाडसर काहीतरी, कारण डिसेंबरात गच्ची बर्फासारखी होते. कानटोपी आणा.

त्या रात्रीच्या अडचणी वेगळ्या असतील. थर्टी फर्स्टला गच्च्या पार्ट्यांना दिलेल्या असतात, तेव्हा जागेचं आयोजकांनी वर्षभर आधी बघावं. रस्त्यांवर नाकाबंदी असेल, परतीची लोकल किंवा गाडी आधी ठरवा. फटाक्यांचा धूर बाराच्या आसपास चढेल, तोवर खग्रास संपून तास झालेला असेल, म्हणून त्याची फार काळजी नको. पण मोक्षाची करा. बाराचा ठोका पडेल, खाली सगळे एकमेकांना मिठ्या मारत असतील, आणि त्या क्षणी चंद्राच्या कडेवर सावलीचा नखाएवढा ओरखडा अजून शिल्लक असेल, सहा मिनिटांचा. दुर्बिणीपाशी तेव्हा रांग नसेल. मी असेन.